पुसलेले तारे

मित्रांनो, माझ्याकडे पाहण्यासारखे आता फारसे काही उरलेले नाही. माझ्यातून पाहण्यासारखे मात्र अजून पुष्कळ आहे. मी एक जुने भिंग आहे. काळ्या धातूची एक नळी आणि तिच्यात एकामागे एक बसवलेल्या काचा, एवढाच माझा देह. बोटांनी घासून घासून कडेचा रंग उडाला आहे. पुढच्या काचेच्या काठाशी बुरशीचा एक तंतू आहे. कोळ्याने जाळे विणायला घ्यावे आणि पहिल्याच धाग्यावर कंटाळून निघून जावे, तसा तो दिसतो. ह्या तंतूपायी माझ्यावर एकदा मोठा आळ आला. तीच हकिकत मला तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म फार दूरच्या, थंड देशात झाला. तेथे वाळू वितळवून काच करीत, आणि ती काच इतकी घासत, की शेवटी ती असून नसल्यासारखी होई. भिंगाचे मोठेपण ह्यातच असते. आपण मध्ये आहोत हे पाहणाऱ्याला कळूही द्यायचे नाही. माझ्या आत जग उलटे उमटते. माणसे डोक्यावर चालतात, झाडे वरून खाली वाढतात, आणि आभाळ पायांशी पसरलेले असते. कितीतरी दिवस मला वाटत होते, की जगच तसे आहे.

बोटीने मी मद्रासला आले आणि तेथून रेल्वेने तंजावुरास. व्यंकोजी नावाच्या एका हौशी गृहस्थांनी मला विकत घेतले होते. दक्षिण वीथीत त्यांनी एक अरुंद, लांबट फोटो स्टुडिओ थाटला. बाहेरची पाटी तमिळ अक्षरांत होती, आतले बोलणे मराठी होते, आणि गिऱ्हाईक रागावले तर त्याची समजूत दोन्ही भाषांत घातली जाई. मागे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर संगमरवरी जिना, चंद्र आणि दोन हंस. त्या जिन्यापाशी मी किती माणसे उभी राहिलेली पाहिली! तीट लावलेली बाळे, नव्या वेष्टीत, म्हणजे तिकडच्या धोतरात, अवघडलेले नवरदेव, वीणा घडवणारे कारागीर, नादस्वर छातीशी धरलेले वादक. "हे भिंग माणूस ओळखते," असे व्यंकोजी गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

व्यंकोजींचा मुलगा रघोजी दुकानातच वाढला आणि 'टचिंग' शिकला. छापलेल्या फोटोवर अगदी बारीक कुंचला फिरवून चेहऱ्यावरचे दोष घालवायचे, ह्याला ते लोक टचिंग म्हणत. देवीचे व्रण, पडलेला दात, विरळ झालेले केस, सारे रघोजींच्या कुंचल्याखाली नाहीसे होई. मुलीचा फोटो वरपक्षाकडे पाठवायचा, तर तो रघोजींच्या हातून जावा, असे गावातल्या आया म्हणत. त्यांचे आजोळ तंजावुरी चित्रे करणाऱ्यांचे होते. त्या चित्रांत सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे असे ठासून भरलेले असतात, की बोट टेकवायला मोकळी जागा सापडत नाही. ते वळण रघोजींच्या हातात लहानपणीच उतरले होते. "जागा मोकळी राहिली म्हणजे काम अर्धे राहिले," असे ते नेहमी म्हणत. कोणतेही काम हाती घेतले, की त्यातला पहिला ठिपका ते सोन्याच्या वर्खाचा लावीत. फोटोत तो केसांतल्या फुलाआड किंवा कानातल्या कुडीत लपून जाई. कुणाला दिसतही नसे. त्यांना तो शकुन वाटे.

मग काळ पालटला. फोटो काढण्याचे काम फोन करू लागला, आणि चेहऱ्यावरचे डागही फोनच पुसू लागला. हंसांचा पडदा गुंडाळला गेला. दुकानात पासपोर्टचे फोटो तेवढे उरले. त्यांना माझी गरज नव्हती. मला कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. कावेरीच्या प्रदेशातली हवा ओलसर. ती कापडातूनही आत येते. त्या खणात माझ्या काचेवर बुरशी धरली. मित्रांनो, मला अंधाराचे दुःख नव्हते. कपाटाबाहेर पावले वाजत, हसणे ऐकू येई, आणि त्या हसण्यात माझे नाव कधीच नसे, ह्याचे दुःख होते.

मला बाहेर काढले ते हरिताने. ती रघोजींच्या धाकट्या भावाची मुलगी. तिचे वडील पापनाशमला शाळेत शिकवतात. कॉलेज तंजावुरात, म्हणून ती काकांच्या घरी राहते. भौतिकशास्त्र शिकते. अत्यंत अबोल मुलगी. कुणी परके समोर आले, की ती त्याच्या चपलांकडे पाहत उत्तरे देते. रात्री मात्र गच्चीवर जाऊन तासन्‌तास वर पाहत बसते. एके दिवशी पाकिटे शोधताना तिचा हात माझ्यावर पडला. तिने मला खिडकीशी नेले आणि माझ्यातून बाहेरच्या कडुलिंबाकडे पाहिले. किती वर्षांनी माझ्यात एक झाड उलटे उभे राहिले!

"काका, हे मी घेऊ?"

"घे की. पण म्हातारे झाले आहे ते," रघोजी म्हणाले. "डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे त्याच्या."

"डोळ्यांत मोतीबिंदू माझ्याही झाला आहे," स्वयंपाकघरातून कमलाक्षीकाकूंचा आवाज आला. "मला नाही कोणी खिडकीशी नेऊन पाहत!"

हरिताने एक जोडकडे, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, मागवले आणि मला आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवले. तिला माझ्याकडून एक मोठे काम करून घ्यायचे होते. फेब्रुवारीच्या अखेरीस, विज्ञान दिनाला, तंजावुरात विद्यार्थ्यांनी काढलेल्या आकाशाच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते. ज्याचे छायाचित्र निवडले जाईल, त्याला मे महिन्यात डोंगरावरच्या वेधशाळेत राहून काम शिकायला मिळणार होते. अट एकच होती. जे आकाशात नाही, ते छायाचित्रात असता कामा नये.

हरिताला त्या डोंगरावर जायचे होते. तसे तिने कुणाला बोलून दाखवले नव्हते. पण रात्री माझी काच पुसताना ती डोंगराचे नाव पुटपुटे, आणि तिचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा पसरे.

"सगळे चंद्र आणतील," एकदा ती मला म्हणाली. "आपण काळा मेघ आणू."

आकाशात काही ठिकाणी थंड धुळीचे आणि वायूचे अफाट मेघ आहेत. त्यांना स्वतःचा उजेड नसतो. मागून येणारा ताऱ्यांचा प्रकाश ते अडवतात, म्हणून दाट ताऱ्यांच्या मध्येच एक काळा आकार दिसतो. वृश्चिकाच्या नांगीच्या उत्तरेला, आकाशगंगेच्या ऐन गर्दीत, असा एक मेघ आहे. परदेशी माणसे तोंडात पाइप धरतात, तसा त्याचा आकार. म्हणून त्याचे नावही पाइप.

तंजावूरचे आकाश आता दिव्यांनी फिकट झाले आहे. म्हणून महाशिवरात्र झाल्यावर, अमावास्येला, ती मला घेऊन ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यात गेली. तेथे सांबशिव नावाच्या शेतकऱ्यांचे घर होते. त्यांच्या लग्नाचे फोटो व्यंकोजींनी काढले होते, तेव्हापासूनचा घरोबा. मुलीला एकटी कशी पाठवायची, म्हणून कमलाक्षीकाकूही थर्मासभर कॉफी घेऊन बरोबर आल्या.

भाताची कापणी उरकली होती आणि शेतात उडीद उगवला होता. पहाटेपूर्वीच्या काळोखात हरिताने खळ्यावर तिपाई मांडली. सांबशिव डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आले.

"कशाचा फोटो काढणार, कण्णा?" त्यांनी लाडाने विचारले.

"काळोखाचा, मामा."

"काळोखाचा?" ते थबकले. "त्यासाठी तंजावूरहून आलीस? आमच्याकडे करंट गेला, की घरातच ये. हवा तेवढा काळोख घेऊन जा. फुकट!"

"हिला काही विचारू नका, सांबशिवण्णा," काकू म्हणाल्या. "घरात दिवा लावला, तर ही म्हणते, काकू, थोडा कमी करा. हिच्या नवऱ्याचे कसे होणार, मुरुगदेवाला ठाऊक."

सांबशिव हसत हसत गेले आणि विहिरीच्या मोटारीजवळचा दिवाही त्यांनी मालवला. मग खरा काळोख झाला.

पण दंव पडू लागले होते. माझ्या काचेवर ओल धरली आणि तारे पिंजून गेले. हरिताने रुमालाने पुसले, पुन्हा ओल. तिचा चेहरा पडलेला मला दिसला. तेव्हा सांबशिवांच्या पत्नी नागलक्ष्मी आत गेल्या. जुन्या वेष्टीच्या पट्टीत तव्यावर तापवलेले मीठ भरून त्यांनी एक लांबट पुरचुंडी आणली आणि माझ्या गळ्याभोवती बांधली.

"ह्यांचा खांदा धरला, की मी हेच बांधते," त्या म्हणाल्या. "ह्याचाही खांदाच धरला आहे असे समज."

ती ऊब माझ्या काचांत झिरपली, आणि आकाश स्वच्छ झाले.

मित्रांनो, मी आयुष्यभर चेहरे पाहिले होते. उजेड येतो, मला भेटतो आणि निघून जातो, एवढेच मला माहीत. त्या पहाटे प्रथमच मी असे काही पाहिले, की जेथून उजेड येत नव्हता. चहूकडे ताऱ्यांची नुसती रांगोळी सांडलेली, आणि तिच्या मध्ये ते काळे, मऊ, निजलेले काहीतरी. जसे तारे सरकत, तशी कॉलेजातून मागून आणलेली एक छोटी मोटर मला त्यांच्यामागे हळूहळू नेत होती. हरिता श्वास रोखून बसली होती. मग आडवा बसवलेला कॅमेरा तिने उभा केला आणि तेच आकाश पुन्हा टिपले. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळले नाही.

उजाडताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र पाहून काकू म्हणाल्या, "पाइप कसला? ही तर सांबाराची पळी आहे."

हरिता मोठ्याने हसली. तिला तसे हसताना मी पूर्वी ऐकले नव्हते.

पुढे तिने सारी चित्रे संगणकावर एकत्र केली आणि त्यांतून एक मोठे छायाचित्र तिरुच्चीला छापायला दिले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ते बसने आले. हरिता कॉलेजात होती, काकू देवळात गेल्या होत्या. दुकानात रघोजी आणि टेबलावर मी, असे दोघेच होतो. त्यांनी मोठ्या उत्सुकतेने वेष्टण सोडले आणि छायाचित्र टेबलावर पसरले.

"अय्यो," ते हळूच म्हणाले.

ताऱ्यांनी भरलेल्या त्या कागदाच्या ऐन मध्यावर एक मोठा काळा डाग होता. त्यांनी मला उचलले आणि खिडकीच्या उजेडात धरले. काठाशी तो बुरशीचा तंतू त्यांना दिसला.

"तुझेच काम हे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला अधिक लागले. "माझ्या बापाने तुला इतके जपले. आणि पोरीच्या वेळेला असे केलेस?"

मित्रांनो, मी काय बोलणार? मला स्वतःला स्वतःमधून पाहता येत नाही. खळ्यावर जे मी पाहिले, ते आकाशात होते की माझ्याच डोळ्यात, हे मला कसे कळावे? मी म्हातारे होते, माझ्यावर बुरशी होती. मला त्यांचे म्हणणे पटले. ज्या मुलीने मला अंधारातून बाहेर काढले, तिच्याच चित्रावर मी डाग पाडला, असे वाटून मी आतल्या आत धुरकटले.

रघोजींचा स्वभाव मी जाणत होते. मुलगी तक्रार करणार नाही, उद्या चारचौघांत मान खाली घालून उभी राहील, हे त्यांना दिसत होते. पुन्हा छापून आणायला वेळ नव्हता. पण डाग घालवण्याची विद्या तर त्यांच्या हातात होती. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपली रंगांची पेटी काढली. मलाच उलटे धरून त्यांनी चित्रावर रोखले, म्हणजे बारीक ठिपके त्यांना मोठे दिसावेत. रीतीप्रमाणे पहिला ठिपका सोन्याच्या वर्खाचा, गोंदाने चिकटवलेला. मग पांढऱ्या पोस्टर कलरचे तारे. कोठे बारीक, कोठे ठळक. आजूबाजूच्या ताऱ्यांशी इतके मिळतेजुळते, की जणू ते तेथे जन्मापासून होते. कुंचल्याचे टोक स्थिर होते. ते गुणगुणत होते. दिवेलागणीपर्यंत त्यांनी तो सारा काळोख भरून काढला.

हरिता आली.

"ये, ये!" रघोजी उठून उभे राहिले. "फोटो आला तुझा. थोडा डाग होता, तो मी काढून टाकला. आता बघ!"

ती पाहत राहिली.

"काका," ती म्हणाली, "हे तारे कोठून आले?"

"कोठून म्हणजे? मी घातले. भिंगाला बुरशी आहे, तिचा डाग उमटला होता. मोठा थोरला. तुज दिसला नाही?"

हरिता स्टुलावर बसली. "मी तोच काढला होता, काका. तो काळा भाग. त्याचाच फोटो होता तो."

रघोजींना काही उमगेना. तेव्हा त्या अबोल मुलीने फोन काढून दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवली. एक कॅमेरा आडवा धरून काढलेले, एक उभा धरून.

"डाग भिंगात असता, तर दोन्ही चित्रांत तसाच राहिला असता. हा बघा, ताऱ्यांबरोबर वळला आहे. तो आकाशातच आहे."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यावरून एक मोठे ओझे उतरले. मी निर्दोष होते. पण तेथे माझ्याकडे पाहायला कुणाला सवड होती!

"पण एवढ्या ताऱ्यांच्या मध्ये अशी मोकळी जागा कशी असेल?" रघोजी हटेनात.

"मोकळी नाही, काका. धूळ आहे तेथे."

"धूळ! मग धूळ पुसायला नको?"

एवढ्यात काकू देवळातून परतल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिले, हरिताच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काय झाले ते ओळखले.

"त्यांना काय समजावतेस, बाळ?" प्रसादाची वाटी खाली ठेवीत त्या म्हणाल्या. "माझ्या गालावर एवढा तीळ. लग्नाच्या फोटोतून ह्यांनी तो साफ पुसला. घरी कोणी आले, की भिंतीवरचा फोटो पाहून मलाच विचारतात, ह्यांची पहिली बायको का हो? मी म्हणते, हो, फार सुंदर होती बिचारी!"

"अगे, तो तुझ्या बऱ्यासाठीच..."

"मज विचारले होते का?"

रघोजींनी काकूंच्या गालाकडे असे पाहिले, जसे ते कधी काळी गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याकडे पाहत. मग ते आत गेले, आणि पाण्याची वाटी, कापूस आणि काडेपेटी घेऊन आले.

"पोस्टर कलर आहे," ते म्हणाले. "गुळगुळीत कागदावर फार धरत नाही. निघेल."

काडीच्या टोकाला कापसाचा इवलासा बोळा गुंडाळून, पाण्यात बुडवून, पिळून, त्यांनी पहिला तारा टिपला. मला पुन्हा चित्रावर धरले होते. थोड्याच वेळात ते अडखळले. आपले तारे कोणते आणि खरे कोणते, हे त्यांचे त्यांनाच ओळखू येईना; इतके ते जमले होते. मग हरिता संगणकावरचे मूळ चित्र पाहून सांगू लागली.

"हा?"

"तो तुमचा."

हळूच टिपला जाई.

"हा?"

"त्याला हात लावू नका. तो खरा."

"आणि हा बारका?"

"तुमचा. छान होता."

"छानच होता," रघोजी उसासा टाकून म्हणत, आणि पुसत.

असे तारे मावळत गेले आणि त्यांच्याखालून तो निजलेला मेघ पुन्हा वर आला. अर्धा मोकळा झाल्यावर रघोजी थांबले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नुसत्या डोळ्यांनी चित्राकडे पाहिले. "ह्या काळ्यालाही कड आहे," ते म्हणाले. "येथे दाट आहे, येथे विरळ. कुणीतरी हलक्या हाताने छटा दिल्यासारखी." नंतर ते अधिक हळू पुसू लागले.

शेवटी एकच ठिपका उरला, तो सोन्याचा. त्याचा गोंद कागदात मुरला होता. ओढला असता तर कागदाची कातडी सोलली गेली असती. रघोजींनी तीन वेळा काडी उचलली आणि तीन वेळा खाली ठेवली.

"आकाशात नसलेले काही चालणार नाही, अशी अट आहे," हरिता म्हणाली. "उद्या नेऊन काय उपयोग?"

"ने तू," काकू म्हणाल्या. "विचारले, तर सांगायचे."

"मला सांगता येणार नाही, काकू. तुम्हांला माहीत आहे."

काकूंनी छायाचित्र पुन्हा वेष्टणात गुंडाळून दाराशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या सभागृहात भिंतीवर चंद्रच चंद्र होते. एक तांबूस, एक ग्रहणातला, एक बृहदीश्वराच्या शिखरामागचा. त्यांच्या रांगेत आमचा काळा मेघ टांगला होता. खाली लहान मेजावर मला ठेवले होते. येणारे-जाणारे थबकत आणि म्हणत, "छापताना शाई सांडली वाटते." हरिता आपल्याच चपलांकडे पाहत उभी होती. तिच्यामागे रघोजी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि काकू.

वेधशाळेतून निवड करायला आलेल्या बाईंचे नाव विनुता. पांढरे होऊ लागलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. त्या चित्रासमोर आल्या, वाकल्या आणि नेमक्या त्या ठिपक्यावर त्यांनी बोट रोखले.

"येथे तारा असायला नको," त्या म्हणाल्या. "हा कोठून आला?"

हरिताचे ओठ हलले. शब्द फुटला नाही. विनुताबाई पुढच्या चित्राकडे वळण्याच्या बेतात होत्या, तेवढ्यात रघोजी एक पाऊल पुढे आले.

"तो तारा माझा आहे, अम्मा," ते म्हणाले. "मी टचिंग करणारा माणूस. मला वाटले, पोरीच्या फोटोवर डाग पडला आहे. सगळा काळोख मी भरून टाकला होता. बाकीचे पुसले, हा निघाला नाही. चूक माझी. तिचे चित्र शुद्ध आहे."

आजूबाजूची माणसे हसली. विनुताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा वाकून तो ठिपका पाहिला. "बसवला छान आहे," त्या म्हणाल्या, "पण आकाशाला त्याची ओळख नाही." मग त्या हरिताकडे वळल्या. "मूळ चित्र आणले आहेस?"

हरिताने संगणक उघडला. तेथे मेघ जसाच्या तसा होता. विनुताबाईंनी तो निरखून पाहिला, आडवी-उभी चित्रेही पाहिली आणि विचारले, "सगळ्यांनी उजेड टिपला. तू हे का निवडलेस?"

मी मनात म्हटले, बोल, मुली. तुझ्या काकांनी एवढ्या लोकांसमोर बोलून दाखवले. आता तू बोल.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिने चपलांवरून नजर उचलली. "येथे काही नाही, असे वाटते. पण नवे तारे अशाच जागी तयार होतात. ह्या दांड्याच्या टोकाशी आत्ता होत आहेत. फार हळू होतात, म्हणून कुणाला कळत नाही. मला ते होताना पाहायला शिकायचे आहे."

तिच्या तोंडून एका दमात इतके शब्द मी कधी ऐकले नव्हते.

विनुताबाईंनी पिशवीतून पेन काढले. "डोंगरावर मे महिन्यातही रात्री गार असते," त्या म्हणाल्या. "स्वेटर आहे का?"

उत्तर काकूंनी दिले. "स्वेटर? तंजावुरात? दोन शाली देते, चालतील का?"

"चालतील," विनुताबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला मेजावरून उचलले, माझा बुरशीचा तंतू पाहिला आणि माझ्यातून खिडकीबाहेर नजर टाकली. "हे भिंगही आण बरोबर. ह्याची दृष्टी चांगली आहे."

मित्रांनो, आज वैशाखातली दुपार आहे. उद्या पहाटेच्या गाडीने आम्ही निघणार. रघोजींनी मला सकाळी गच्चीवरच्या उन्हात बसवले होते; उन्हाने बुरशी मागे हटते म्हणतात. आता ते मऊ कापडाने माझी काच पुसत आहेत. तो तंतू अजून आहे. त्यांनी तो पाहिला आणि त्याच्या कडेकडेने कापड फिरवले.

तुमच्याही घरी एखाद्या खणात माझ्यासारखे कोणीतरी पडले असेल. घड्याळ, रेडिओ, शिवणयंत्र, दुर्बीण. त्याला कोरडे ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा, आणि मुख्य म्हणजे काम द्या; कामावाचून आम्ही लवकर आंधळे होतो. तसेच तुमच्या वर्गात कोपऱ्यात गप्प बसलेले कोणी असेल, तर त्याला रिकामे समजून भरायला जाऊ नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. डोळे काळोखाला सरावायला वेळ लागतोच.

रघोजींनी माझे झाकण शोधून काढले आहे. आता सारे काळे होईल. कपाटात होते, तेव्हा मला अशा काळोखाची धास्ती वाटे. आज मी त्यात स्वस्थ बसून राहीन. बाहेर हरिता शालींच्या घड्या करीत आहे, आणि गुणगुणत आहे.